उत्तर कोणाला हवे आहे?

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांच्या फेऱ्या संपल्या की महाविद्यालयांत सिनॉप्सिसचा, म्हणजे प्रबंधाच्या प्रस्तावाचा, हंगाम सुरू होतो. नुकताच रुजू झालेला निवासी डॉक्टर अजून वॉर्डाच्या वाटा शिकत असतो, सलग ड्युटीने त्याचे डोळे तारवटलेले असतात आणि तेवढ्यात विभागातून निरोप येतो, की आठवड्याभरात 'टॉपिक' द्या. मग तो विभागाच्या ग्रंथालयात शिरतो. तिथे रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत मागच्या तुकड्यांचे थिसिस ओळीने उभे असतात. त्यांतला एक काढायचा, आजार किंवा वयोगट बदलायचा, नवी वर्षे घालायची आणि शीर्षक तयार: 'तृतीय स्तरावरील रुग्णालयात दाखल झालेल्या अमुक आजाराच्या रुग्णांच्या लक्षणांचा व तपासण्यांचा अभ्यास'. रुग्ण किती घ्यायचे? मुदतीत मिळतील तितके. पन्नास, साठ, फार तर शंभर. नमुन्याच्या आकाराचे सूत्र मागाहून असे बसवायचे, की उत्तर नेमके साठ यावे. दीड वर्षाने हाच डॉक्टर एक्सेलची फाइल घेऊन सांख्यिकीतज्ज्ञाच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "सर, यातून काही सिग्निफिकंट निघतंय का बघा ना." शेवटच्या पानावर ठरलेले वाक्य येते: या विषयावर अधिक मोठ्या प्रमाणावर अभ्यास होण्याची गरज आहे. या साठ रुग्णांच्या अभ्यासाची तरी गरज कोणाला होती, हे मात्र दीड वर्षात कोणीच विचारलेले नसते.

यात त्या पोराचा दोष फार थोडा आहे. एमडी किंवा एमएस व्हायचे तर प्रबंध सक्तीचा. त्यासाठी अर्ज असतो, गाइडची सही असते, एथिक्स कमिटीची बैठक असते. शीर्षक आहे का, उद्दिष्टे आहेत का, संमतिपत्र मराठीत आहे का, हे सगळे तपासले जाते. फक्त प्रश्न काय आहे, तो कोणाला पडला आहे आणि उत्तर मिळाल्यावर काय बदलणार आहे, यासाठी त्या अर्जात रकाना नसतो.

या कारखान्यातून काय बाहेर पडते याचा हिशेब डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये मांडला होता. २००५ ते २०१४ या दशकात देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध प्रसिद्ध करणाऱ्या संस्था भरल्या २५. पुढे अध्यापकांच्या बढतीशी शोधनिबंधांची सांगड घट्ट झाली. निबंध वाढले, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही वाढली. प्रश्नांची प्रत सुधारली, असे मात्र कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. हा रोग केवळ आपल्याकडचा नाही, एवढेच समाधान. इयान चाल्मर्स आणि पॉल ग्लासझिऊ यांनी २००९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की जगभरच्या वैद्यकीय संशोधनावरचा सुमारे ८५ टक्के खर्च वाया जात असावा. ही गळती कुठे कुठे होते ते दाखवताना त्यांनी पहिले भोक दाखवले ते हेच: प्रश्नच चुकीचा निवडला जातो.

चांगला प्रश्न ओळखायची कसोटी अवघड नाही. उत्तर 'हो' आले तर उद्यापासून कोण काय वेगळे करेल? आणि 'नाही' आले तर? दोन्हीकडे 'काही नाही' असेच उत्तर येत असेल, तर तो अभ्यास न केलेला बरा. निदान रुग्णाच्या दंडातली जास्तीची सुई तरी वाचेल.

एक नेहमीचा विषय घेऊ: 'गर्भवती स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास'. यातून काय निघणार? साठपैकी चाळीस बायकांचे रक्त कमी आहे, गरीब बायकांत ते अधिक कमी आहे. हे कोणत्याही आशाताईने चहा पिता पिता सांगितले असते. आता त्याच ओपीडीतला अडलेला क्षण पाहा. ऊसतोडीहून परतलेली बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदाच नाव नोंदवायला येते. हिमोग्लोबिन ७ ते १०च्या मधले. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या ती रोज घेईल का, याची खात्री नाही. घेतल्या तरी दिवस थोडे उरले आहेत. शिरेतून लोह एका बैठकीत देता येते, पण ते महाग, आणि देताना लक्ष ठेवायला माणूस हवा. डॉक्टर क्षणभर थबकतो. तो जिथे थबकला, तिथे प्रश्न आहे: सातव्या महिन्यात किंवा त्यानंतर आलेल्या, मध्यम रक्तक्षय असलेल्या बाईला रोजच्या गोळ्यांऐवजी शिरेतून एकदा लोह दिले, तर बाळंतपणात रक्त चढवण्याची पाळी कमी वेळा येते का? या एका वाक्यात रुग्ण कोण, उपचार कोणता, कशाच्या तुलनेत आणि मोजायचे काय, हे चारही धागे आले. रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये नेमक्या याच चार गोष्टी नीट बांधलेल्या प्रश्नाची अंगे म्हणून मांडल्या. पाठ्यपुस्तकांत आज त्याला 'पिको' म्हणतात आणि परीक्षेपुरते ते पाठही केले जाते. पाठांतर होते, थबकणे तेवढे राहून जाते.

असा थबकलेला डॉक्टर काय करू शकतो, हे पाहायला महाडला जावे. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे अनेकदा मृत्यूच. अंगाला घामाच्या धारा, तोंडातून लाळ, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब आधी चढणारा आणि मग कोसळणारा, शेवटी फुप्फुसांत पाणी. बावस्करांनी खाटेशी बसून हा क्रम नोंदवला, १९८२मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो, तर रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरून पाहावे, हा विचार त्या निरीक्षणातून आला. रक्तदाबासाठीची ही साधी, स्वस्त गोळी. ती देणे सुरू झाल्यावर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले.

पण या लेखाच्या दृष्टीने त्यापुढची गोष्ट महत्त्वाची. पुढे विंचवाच्या विषावरची लसही उपलब्ध झाली. आता प्रश्न उरला, की प्राझोसिनने माणसे वाचत असताना ही लस वापरायची का? ज्यांचे या गोळीने नाव झाले, त्यांनीच हा प्रश्न त्या गोळीला लावला. बाधा ठरावीक टप्प्यावर असलेले ७० रुग्ण घेतले. निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. कोणाला काय, हे चिठ्ठीवर. मोजायचे काय, तर १० तासांनी लक्षणे पूर्ण गेली की नाही: घाम थांबला का, लाळ थांबली का, हातपाय ऊबदार झाले का. २०११मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने निष्कर्ष छापले. दोन्ही उपचार मिळालेल्यांपैकी ९१ टक्के रुग्ण १० तासांत बरे झाले, केवळ गोळीवर असलेल्यांपैकी २३ टक्के. सरासरी वेळ ८ तासांविरुद्ध जवळपास १८ तास. फक्त ७० रुग्ण, तालुक्याच्या गावातले रुग्णालय, आणि तपासायला डॉक्टरचे डोळे, हात व रक्तदाबाचे यंत्र. रुग्णसंख्या आपल्या सरासरी थिसिसएवढीच आहे. फरक पडला तो प्रश्नाने. उत्तर कोणतेही आले असते तरी कोकणातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला त्या रात्रीपासून काय करायचे ते कळले असते.

परळच्या टाटा रुग्णालयाचा प्रश्न तर त्याहून रोजचा. तोंडाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी मानेतल्या लसग्रंथीही काढून टाकाव्यात, की थांबावे आणि गाठ आली तर पुढे काढाव्यात? काढल्या तर खांदा दुखतो, वेळ जातो. नाही काढल्या तर छुपा रोग राहतो. तंबाखूने पोखरलेल्या या देशात प्रत्येक कर्करोग शल्यविशारदापुढे हा पेच रोज उभा राहत होता, आणि जगभर दोन तट पडले होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठी टाकून दोन गट केले आणि मोजायला निवडले ते सर्वांत सरळ माप: रुग्ण जिवंत आहे का? तीन वर्षांनी ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे अशा दर आठ रुग्णांमागे एक जीव वाचतो. २०१५मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आले आणि तटांचा वाद बराचसा मिटला. यात नवे औषध नव्हते, पेटंट नव्हते, कोणत्याही कंपनीचा फायदा नव्हता. म्हणूनच कंपन्यांनी हा प्रश्न कधी विचारला नसता. सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनी कोणते प्रश्न घ्यावेत, याचा हा धडाच आहे.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक अभ्यास तुलनेचाच कसा असेल? आधी किती आहे हे तर मोजायला हवे. बरोबर आहे, पण 'किती' विचारतानाही कोणांपैकी किती, हे सांगावे लागते. रुग्णालयात आलेल्या साठ जणींवरून गावातल्या बायकांबद्दल काही सांगता येत नाही. जी आलीच नाही ती हिशेबात कुठे? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत नेमके हे ओळखले. त्या काळी ग्रामीण बाईची गाठ आरोग्यव्यवस्थेशी पडायची ती बाळंतपण आणि नसबंदी यांपुरती. बाळंतपणाखेरीज तिला काय त्रास असतो, हे कोणाला माहीत नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. त्यांनी दवाखान्यात आलेल्या बायका न घेता दोन गावांतल्या बायका घेतल्या, तक्रार असो वा नसो. ६५० जणींची तपासणी झाली. ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. १९८९च्या जानेवारीत 'लॅन्सेट'ने हा निबंध छापला आणि स्त्री-आरोग्य म्हणजे मातृत्व, या समजाला जगभर धक्का बसला. अभ्यास 'किती'चाच होता. पण 'कोणांपैकी' हे अचूक निवडल्यामुळे त्याचे वजन पडले.

सर्वांत फसवी जागा आहे ती 'मोजायचे काय' ही. सोपे ते मोजण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडले तर अचानक मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून ठोके नियमित करणारी औषधे द्यावीत, हे १९८०च्या दशकात अमेरिकेत जवळपास गृहीत होते. औषधाने जादा ठोके थांबतात का, या प्रश्नाला ईसीजी खणखणीत 'हो' म्हणत होता. मग कोणी तरी खरा प्रश्न विचारला: माणूस जगतो का? १९८९मध्ये हा प्रश्न तपासणारी चाचणी मध्येच आवरती घ्यावी लागली. औषध घेणाऱ्यांत ७.७ टक्के दगावले होते, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ३ टक्के. ईसीजी सुधारला होता, माणसे मरत होती. वरच्या रक्तक्षयाच्या प्रश्नात हिमोग्लोबिनऐवजी रक्त चढवण्याची पाळी का मोजायची, याचे उत्तर इथे आहे. हिमोग्लोबिन ही डॉक्टरची काळजी. बाळंतपणात रक्तासाठी जिल्ह्याच्या गावी धावावे लागणे, ही तिची आणि तिच्या घरच्यांची.

आणि काय महत्त्वाचे हे रुग्णाला विचारल्याशिवाय कसे कळणार? ब्रिटनमध्ये गुडघ्याच्या संधिवाताबाबत हे तपासले गेले. झालेल्या चाचण्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक औषधांच्या होत्या. औषधांवर आणखी संशोधन व्हावे असे वाटणारे रुग्ण मात्र ९ टक्के. बाकीच्यांना व्यायाम, शस्त्रक्रिया, आजार कसा सांभाळावा याची माहिती हवी होती. २००४मध्ये तिथे जेम्स लिंड अलायन्स सुरू झाली, ती रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि डॉक्टर यांना एका टेबलाशी बसवून प्रश्नांचा अग्रक्रम ठरवण्यासाठी. आपल्याकडे गुडघा धरून ओपीडीच्या रांगेत बसलेल्या आजींना असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारले तर त्या बहुधा खाली मांडी घालून बसता येईल का, हेच पुसतील. तेही मोजता येते.

तुलना कशाशी, हा प्रश्न तर थेट नीतीचा आहे. आजच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ गट, तपासणीच्या तीन पद्धती आणि चौथा गट नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेला. २००९मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. प्रश्न मोलाचा होता, उत्तर तर त्याहून. तरीही चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर नंतर तिखट टीका झाली, आणि ती उडवून लावण्याजोगी नव्हती. ग्रामीण भागात तेव्हा तपासणी मिळतच नव्हती, हे खरे. पण 'मिळत नाही' ही स्थिती तुलनेला घ्यायची की बदलायची, हे कोणी ठरवायचे? म्हणून हा वाद चाचणी संपल्यावर नियतकालिकांच्या पत्रव्यवहारात नको, प्रश्न लिहितानाच टेबलावर हवा. एथिक्स कमिटीने संमतिपत्रातले शुद्धलेखन तपासण्यापेक्षा 'तुलना कशाशी' या ओळीवर तासभर घालवावा.

मग करायचे काय? पहिले म्हणजे सिनॉप्सिसच्या अर्जात दोन ओळींचा रकाना वाढवावा: उत्तर होकारार्थी आले तर या रुग्णालयात काय बदलेल, नकारार्थी आले तर काय बदलेल. रकाना रिकामा असेल किंवा 'ज्ञानात भर पडेल' असे लिहिले असेल, तर अर्ज परत. दुसरे, प्रत्येक वॉर्डात प्रश्नांची वही ठेवावी. राउंडला 'याला काय द्यावे, नक्की माहीत नाही' असे जेव्हा जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते तिथे उतरवावे. सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, ड्रेसर, आशा यांनाही त्या वहीत लिहायची मुभा हवी. जखम रोज पाहणाऱ्याला पडलेला प्रश्न प्राध्यापकाच्या प्रश्नाहून अनेकदा टोकदार असतो. वर्षअखेर त्या वहीतून नव्या तुकडीने निवड करावी. त्यातले निम्मे प्रश्न थोडे वाचन केले तरी सुटतील, कारण उत्तर आधीच कुठे तरी असते. २००७पासून आपल्या देशातल्या चाचण्यांची नोंदवही सर्वांसाठी उघडी आहे, ती चाळायला पैसे पडत नाहीत. जे उरतील ते खरे.

तिसरे सर्वांत मोलाचे. एका निवासी डॉक्टरला साठच रुग्ण मिळतात, ही अडचण खरी आहे. पण दहा महाविद्यालयांत दहा निवासी डॉक्टर साठ-साठ रुग्णांवर दहा वेगळे, निरुपयोगी विषय का करतात? एकच नीट बांधलेला प्रश्न, एकच पद्धत, एकच नोंदणीपत्रक घेऊन दहाही जणांनी काम केले, तर सहाशे रुग्ण होतात आणि त्यातून काही तरी ठाम सांगता येते. प्रत्येकाला आपापला प्रबंध लिहायला मिळेलच. राज्यातली बहुतेक सगळी वैद्यकीय महाविद्यालये एकाच आरोग्य विद्यापीठाखाली आहेत, ही मोठीच सोय आहे. ती परीक्षेच्या वेळापत्रकापलीकडे वापरायला कोणी मनाई केलेली नाही.

गाइड म्हणतील, एवढा वेळ कुठे आहे? पण फसलेल्या प्रश्नावर दीड वर्ष घालवायला वेळ असतो, साठ रुग्णांचे जादा रक्त काढायला वेळ असतो, रात्री जागून तक्ते रंगवायला वेळ असतो. चांगल्या प्रश्नासाठी लागतात ते सुरुवातीचे दोन-तीन महिने. तेवढे दिले तर पुढचे काम हलके होते. या सुधारणेला नवा शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही, परदेशी प्रशिक्षण लागत नाही. विभागप्रमुखाने सिनॉप्सिसवरची सही एकदा अडवून धरायला हवी, आणि "हे उत्तर कोणाला हवे आहे?" असे विचारून समोरच्याला पुन्हा वॉर्डात पाठवायला हवे.